मेजावरचा फोन

लग्न होऊन मी चेन्नईला आले तेव्हा सासऱ्यांना चांगलं ऐकू येत असे. पुढे कान गेले. डॉक्टर म्हणाले, कानातली बारीक हाडं आखडलीत, आतली नस मात्र शाबूत आहे. त्यातलं मी एवढंच धरून ठेवलं, की त्यांना ऐकू येत नाही. ते माझ्या सोयीचं होतं.

नवरा शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जायचा, मी घरून काम करायचे. सासरे दिवसभर जेवणाच्या सागवानी मेजाशी बसलेले असत. कोपरं मेजावर, तळवे कानांवर घट्ट दाबलेले. "परत सांडलंत ना, म्हातारबा?" असं मी मेजावर ओणवून, चेहरा हसरा ठेवून म्हणायचे. तेही हसायचे. मला गंमत वाटायची.

एका दुपारी नणंदेचा फोन आला. मी भाजी चिरत होते, म्हणून स्पीकर चालू करून फोन मेजावर पालथा टाकला.

"अप्पांना माझ्याकडे पाठवू नकोस हं," ती म्हणाली. "त्यांचा वास येतो गं."

"मग वृद्धाश्रमच बघू," मी म्हणाले. "कुठे टाकलंय ते कळायचंही नाही त्यांना. मेले तर तेही सुटतील, आपणही."

ती हसली. मीही हसले.

सासऱ्यांनी मान वर केली. तंजावरच्या आपल्या जुन्या मराठीत, तमिळ हेल काढत सावकाश म्हणाले, "मी रोज दोनदा आंघोळ करतो. लेकीला सांग."

पलीकडून नणंदेने फोन ठेवून दिला.

"मामा, तुम्हाला ऐकू येतं?" मी सासऱ्यांना विचारलं.

"लाकडातून येते. कोपरातून वर, हाडाहाडातून. तू मेजाला टेकून बोलतेस, तेही थोडे थोडे येते."

"कधीपासून?"

"कान गेले तेव्हापासून."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड फोम आणला, मेजभर अंथरला आणि वर चादर घातली. सासऱ्यांनी नेहमीसारखी कोपरं टेकली, कान दाबले. थोडा वेळ वाट पाहिली. मग चादरीचा कोपरा उचलून खाली काय आहे ते बघितलं, आणि पुन्हा नीट झाकून ठेवलं.

"हे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"डाग पडतात," मी म्हणाले.

महिन्याभरात सासऱ्यांनी स्वतःच वृद्धाश्रमाचा विषय काढला. नवऱ्याने खूप विनवलं, रडलासुद्धा. मी त्यांचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरले.