वर मशीन, खाली झोप

आमच्या सूनबाईला सगळी बिल्डिंग मीटरबाई म्हणते. ती पाण्याची मीटरं वाचते. सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात बॅटरी घेऊन निघते आणि दुपारपर्यंत लोकांच्या जिन्याखाली, न्हाणीमागे, कपाटांच्या पोटात डोकं घालून आकडे टिपते. कोणाच्या घरात काय अडगळ आहे, ते त्या घरच्यांपेक्षा हिला जास्त ठाऊक. पण एका घरचं दुसऱ्या घरी सांगेल तर शपथ. मी पुष्कळ खोदून पाहिलं. म्हणते, "आई, मी आकडे वाचते, माणसं नाही." घ्या! मग एवढं हिंडून उपयोग काय?

बोलणं कमी, शब्दाला पक्की. काट्यावर दिसेल तेच लिहायचं, ही सवय घरातही. भाजी खारट झाली तर "खारट झालीय" म्हणणार. स्वतःची असो नाहीतर सासूची असो.

तिला नाद लाकडाचा. लाकडी खेळणी करते, पण साधीसुधी नव्हेत. दोरी ओढली की बदक मान हलवणार, दांडा फिरवला की बेडूक उडी मारणार. आत लाकडाचीच दातेरी चाकं. ती चाकं ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बारीक करवतीने कापायची. एक दात जरा तिरका गेला की बेडूक जागच्या जागी बसला. बोटं सुजायची, चहात भुसा, मिठात भुसा. माझा मुलगा बेकरीत भट्टीवर असतो. तो एकदा म्हणालाच, "अगं, एवढा कोंडा आमच्या पावात घातला तर लोक पौष्टिक म्हणून रांग लावतील."

मग तिने मशीन आणलं. लोखंडी चौकट, मधे गरगर फिरणारं टोक, टोकाला पेन्सिलीएवढं पातं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की ते टोक आपलं आपण इकडेतिकडे, वरखाली जातं आणि लाकडातून जसंच्या तसं कापून देतं. त्याला सीएनसी म्हणतात. म्हणजे काय ते सुनेने मला सांगितलं, मी मान हलवली. पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा मान हलवली. आता विचारत नाही.

ठेवायचं कुठे? तर मागच्या खोलीत. नात हॉस्टेलला गेल्यापासून ती खोली माझ्या सामानाने बळकावली होती. सूनबाई कंबर कसून उभी राहिली.

"आई, हे झाकण कशाचं?"

"बरणीचं."

"बरणी कुठंय?"

"फुटली."

"मग झाकण कशाला?"

"उद्या तशीच बरणी मिळाली तर?"

तिने झाकण टाकायच्या ढिगात ठेवलं. असा माझ्या झाकणांचा मोठा ढीग झाला. नेमकी माझी मोठी पांढरी बरणी मात्र बोडकी. तिच्यावर मी कैक वर्षं बशी उपडी घालते. ढिगातलं एकही झाकण तिला बसेना. आमच्या घरी सगळं असतं, पण ज्याचं त्याला नसतं.

लोखंडी वजनं मात्र मी सोडेना. तरुणपणी मी हातगाडीवर कांदे-बटाटे विकले. तराजू मोडला, वजनं राहिली.

"ही कोणाच्या डोक्यात घालायचीत?" मुलाने विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. "पण तू सगळ्यात जवळ राहतोस."

खोली रिकामी झाली तसं कामाला तोंड लागलं. वायरमनने मशीनसाठी वेगळा प्लग काढून दिला. खिडकीत पंखा बसला, हवा बाहेर फेकणारा. भुसा ओढायला एक मोठ्या नळीचा व्हॅक्यूम आला. खिळ्याला चष्मे लटकले, डोळ्यांत कण जाऊ नये म्हणून. टेबल माझ्या मुलाने केलं. टेबल हललं तर चाकाचे दात वेडेवाकडे येतात, असं बायकोने सांगितलं होतं. म्हणून त्याने जाड लोखंडी ब्रॅकेट घेतले आणि टेबल भिंतीला असं जखडलं, असं जखडलं, की वर हत्ती नाचवला तरी ढिम्म. आम्ही तिघांनी त्याला ढकलून पाहिलं आणि एकमेकांकडे अभिमानाने बघितलं.

दुपारी सूनबाई कामावरून आली, हातपाय धुतले, बटण दाबलं. आमच्याकडे नुसती गुणगुण. मी म्हटलं, एवढंच होय! आणि दाराची बेल वाजली.

खालची नर्सबाई उभी. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची, गालावर उशीची सुरकुती. तिची कायमची रात्रपाळी. भांडायला आलेलं माणूस बरं, त्याला उत्तर देता येतं. ती भांडलीच नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "ताई, माझ्या कपाटातल्या बशा वाजतायत. मी रात्रभर लोकांना झोपवते. दिवसा मला कोण झोपवणार?"

पेच बघा कसा. सूनबाई दुपारी मोकळी होते, तेव्हा ही झोपते. ही संध्याकाळी कामावर जाते, तर अंधार पडल्यावर ठोकाठोक, मशीनं बंद, असा बिल्डिंगचा नियम.

सूनबाईने तिथल्या तिथे सांगितलं, "ताई, तुमची झोप आधी. मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. तोवर जमलं नाही तर मशीन विकून टाकते."

दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ही मीटरबाई! हिने विकते म्हटलं म्हणजे पुढल्या महिन्यात ती पुन्हा ओट्यावर करवत घेऊन बसलेली दिसणार.

मग सुरू झाली खटपट. मशीनखाली सतरंजी घातली. मशीनभोवती लाकडी खोकं केलं, आतून फोम, समोर काचेचं दार. व्हॅक्यूम तर मशीनपेक्षा जास्त ओरडायचा, त्याला कपाटात कोंडला. मी माझी रजई द्यायला निघाले, तर म्हणाली, "नको आई, गरम मोटारीवर कापूस? घर पेटेल." रोज संध्याकाळी नर्सबाईला जिन्यात गाठून विचारायचं, आज कसं? ती बिचारी खरं ते सांगायची. "कमी आहे हो. पण दाताच्या डॉक्टरकडे झोपल्यासारखं वाटतं."

महिना संपत आला. सूनबाईचं जेवण कमी झालं. बदकं, बेडूक खोक्यात गेले. मुलगा तिला हसवायला बघायचा, तीही हसायची, पण उधारीचं.

एका सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "तू वर मशीन चालव. मी खाली जाऊन ऐकते." मीही मागोमाग गेले. मला काय काम होतं? काही नाही. नर्सबाईच्या घरात सूनबाई स्टुलावर चढली, छताला कान लावला. उतरली. भिंतीला कान लावला. गळका नळ शोधायला ती असाच कान लावत फिरते. डोळे मिटून भिंतीशी चिकटून उभी राहिली, जशी काही भिंत तिच्या कानात कागाळ्या सांगतेय. मग डोळे उघडले.

"आई, आवाज छतातून येतच नाहीये. भिंतीतून उतरतोय."

वर येऊन तिने नवऱ्याच्या हातात पाना ठेवला. "ब्रॅकेट काढ."

"माझे ब्रॅकेट? अगं, किती पक्के बसलेत!"

"तेच तर. तू मशीन टेबलाला नाही, सगळ्या बिल्डिंगला जोडलंयस."

त्याचं तोंड करपलेल्या पावासारखं झालं. पण काढले. आता टेबल भिंतीपासून सुटलं आणि लागलं डुलायला. डुलून चालणार नाही, भिंतीला टेकूनही चालणार नाही. खाली वजन हवं, भरपूर. बोलता बोलता दोघं थांबली आणि माझ्या पलंगाकडे बघू लागली. पलंगाखाली माझी वजनं.

"का?" मी म्हटलं. "अडगळ ना ती?"

"आई," मुलगा म्हणाला, "तू म्हणशील ते."

मी फार ताणलं नाही. थोडंच ताणलं. टेबलाच्या खालच्या फळीवर माझी वजनं रचली, शेजारी वाळूची पोती. चारी पायांखाली जुन्या टायरचे जाड तुकडे. टेबल असं बसलं, जसं पोटभर जेवलेलं माणूस बसतं.

शेवटची परीक्षा महिन्याच्या शेवटच्या दिवशी. मुलगा बेकरीत. सूनबाई खाली नर्सबाईकडे झाडू घेऊन बसणार. आवाज आला की झाडूच्या दांड्याने छताला टकटक. टकटक झाली की खेळ खलास. आणि वर मशीनपाशी कोण? मी!

तिने लाकूड बसवून दिलं, माझी शाल काढून घेतली, केस बांधले, चष्म्यावर चष्मा चढवला. "हिरवं दाबलं की चालू. काही वेडंवाकडं झालं तर लाल. संपलं की ते आपणच थांबेल. हात आत घालायचा नाही आणि जागचं उठायचं नाही."

"कापतंय काय?"

"बघा की."

ती खाली गेली. मी हिरवं दाबलं. पातं लाकडात शिरलं आणि गोल गोल जाऊ लागलं. माझं एक बोट लाल बटणाजवळ, दोन्ही कान जमिनीकडे. पात्याने एक गोल घेतला, त्याच्या आत दुसरा, मग मधोमध एक उंचवटा ठेवला. खालून टकटक नाही. मला वाटलं, आता होईल. नाही. एकदा खाली काही वाजलं, माझा जीव उडाला. कोणीतरी जिन्यात कुलूप लावत होतं. अखेर मशीन आपलं आपण थांबलं, पातं वर गेलं. मी काचेचं दार उघडून भुसा फुंकला. झाकण! उंचवटा म्हणजे धरायची मूठ. माझ्या डोळ्यांदेखत एवढी झाकणं फेकली आणि आता मशीन लावून झाकण करते!

पण खाली एवढी सामसूम का? मी जिना उतरले. नर्सबाईचं दार नुसतं लोटलेलं. आत बघते तो सूनबाई खुर्चीत, झाडू मांडीवर, मान एका बाजूला, तोंड उघडं, गाढ झोपलेली. आणि पलंगावर नर्सबाई, तोंडावर चादर.

माझ्या चाहुलीने नर्सबाईने चादर जराशी बाजूला केली. डोळे न उघडताच म्हणाली, "आजी, किती वेळ लावताय? सुरू केलं की सांगा हं." आणि कूस बदलली.

मी हळूच सुनेच्या मांडीवरचा झाडू काढून घेतला. ती दचकून उठली, आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बंद का केलंत? चालवा ना!"

"झालंसुद्धा," मी कुजबुजले आणि झाकण तिच्या हातात दिलं.

तिने ते उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला, पलंगाकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि जिन्यात येईपर्यंत दम धरला. तिथे मात्र माझ्या गळ्यात पडून इतकी हसली की मीच तिला गप्प केलं. नाहीतर मशीनने नाही उठली ती हिच्या हसण्याने उठायची.

झाकण माझ्या पांढऱ्या बरणीवर बसलं. किंचित घट्ट आहे. तीच म्हणाली, "घट्ट झालंय." मी म्हटलं, राहू दे. बशी मी शेल्फवर जपून ठेवली आहे. कधी लागेल सांगता येत नाही.