त्यागमूर्ती मनकर्णाबाई

मिरजगावच्या अलीकडे, हायवेला लागून, गहिनीनाथने बापाच्या रानात मंगल कार्यालय बांधलं आणि त्याला थोरल्या बहिणीचं नाव दिलं, 'मनकर्णा लॉन्स'. त्याच रानात बहिणीला पत्र्याच्या खोलीपुरते दोन गुंठे द्यायला मात्र त्याचा जीव होत नव्हता. काय म्हणावं या माणसाला!

मनकर्णाबाई विधवा. जामखेडला भाड्याच्या खोलीत राहायची, लोकांच्या रानात खुरपायला जायची. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली होती. दिवाळीला तिने भावाकडे दोन गुंठ्यांचा शब्द टाकला, तर तो हसून म्हणाला, "आक्का, तू तर हक्क सोडलाय. इसरलीस व्हय?"

विसरायला आधी ठाऊक तर हवं! बाप गेला त्या वर्षी गहिनीनाथने तिला तालुक्याला नेलं होतं. नवी साडी घेतली, वाटेत भेळ खाऊ घातली. "वारसाला नाव लावायचं हाय, अंगठा लागतो," म्हणाला. तिने अंगठा उठवला आणि वर कौतुकाने भावाची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे तिला दिवाळीला कळलं. आपल्याकडच्या बहिणींना ते असंच कळतं.

तरी उद्घाटनाला ती गेली. चारचौघांत बोललं तर भावाला लाज तरी वाटेल, एवढीच आशा. स्टेजवर तिला शाल, नारळ आणि 'त्यागमूर्ती' असं लिहिलेली फ्रेम मिळाली. रामहरी गुरुजींनी भाषणात शब्द उलगडून सांगितला. "त्याग हा संस्कृत शब्द. जे आपलं आहे, ते समजून-उमजून, राजीखुशीने सोडायचं, तेव्हाच तो त्याग." गुरुजी भला माणूस. आतलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मनकर्णाबाईने माईक स्वतःकडे ओढला.

"गुर्जी बोलले ते बराबर हाय. पर माजं काय हाय, ते मला कुनी सांगितलंच न्हवतं. मी काय बी सोडलेलं न्हाई..."

दोन गुंठ्यांचं बोलायचं अजून बाकीच होतं, तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालकाने माईक काढून घेतला. "बघा हा मोठेपणा! एवढं सोडलं, पण गर्व नाही!" पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मेल्यांनो, ती काय सांगतेय ते ऐका तरी! पण जेवणाची पंगत खोळंबली होती.

गहिनीनाथ वाकला आणि त्याने तिचे पाय धरले. फोटो निघेपर्यंत तसाच वाकून राहिला.

"आजी, डोक्यावर हात ठेवा की त्यांच्या!" फोटोग्राफर ओरडला.

तिने दोन्ही हात शालीत ओढून घेतले.

"ऊठ, गहिनी," ती म्हणाली. "आशीर्वाद तरी माज्यापाशी ऱ्हाऊ दे."