आंब्यांखालची फट

आमच्या आंब्यांच्या बागेला तारेचं कुंपण आहे. माळाच्या बाजूला कुंपणाखाली एक फट पडली होती. ह्यांना ती बुजवायची होती. "कुत्री शिरतात," ते म्हणायचे.

वन्यप्राण्यांचा अभ्यास करणारी आमची मुलगी सुट्टीला आली होती. "बाबा, कोण येतं ते आधी बघू तरी," म्हणत तिने समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाला बांधला.

दोन दिवसांनी आम्ही तिघं फोटो बघायला बसलो. पहिल्यात मीच होते, पदर खोचून पडलेले आंबे वेचणारी. मी गेल्यावर कोवळ्या उन्हात फटीतून एक कोल्हीण आली होती. जिथे मी उभी होते, तिथलीच माती ती हुंगत होती, बराच वेळ. त्या मातीतून तिला माझं काय कळलं असेल? माझं वय? माझी घाई? इतकी वर्षं मी तिथे वावरते, मला ती कधी दिसली नाही. तिला मात्र मी रोज भेटत असणार.

मग तिच्यामागून पिल्लं आली. एक तारेखाली अडकलं, तिने त्याला मानेला धरून ओढून घेतलं.

हे उठले. फावडं घेऊन माळाकडे निघाले. आता ते फट बुजवणार असं वाटून मी मागोमाग गेले, तर ते फटीखालची माती उकरत होते.

"अगं, तार पाठीला लागते त्यांच्या," ते म्हणाले.