एकही एरर नसलेली काळी गाडी

आता हसायचंच ठरवून बसा, म्हणजे मला सांगायला सोपं जाईल. कारण यात मूर्ख एकच आहे, आणि तो शोधायला मी अख्खं ऑफिस कामाला लावलं!

ओवी आठ महिन्यांची होती. तिला घरी सांभाळायला येणाऱ्या, जवळच्याच चांदे गावच्या सखूमावशींकडे सोपवून मी हिंजवडीला पुन्हा रुजू झाले होते. रजेनंतरचं पहिलंच काम: पडद्यावर गाडीचं मॉडेल फिरवायचं, आणि तिचा लाल रंग असा चकाकला पाहिजे की बघणाऱ्याने खिसा चाचपावा. ही चकाकी करणारे छोटे प्रोग्राम म्हणजे शेडर. C या प्रोग्रामिंगच्या भाषेतून त्यांना कामाला लावायला एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, होती. पण मोठी घुमी! काही बिघडलं तरी ओरडायची नाही. प्रत्येक कामानंतर आपणच विचारायचं, "बाई, काही चुकलं का?" मग सांगणार.

मी जन्माची काळजीवाली. एकदा विचारून माझं भागतंय होय? मी प्रत्येक ठिकाणी दोनदा विचारलं. एकदा नुसतं मनाच्या समाधानासाठी, आणि एकदा उत्तर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, लिहायला. सुरक्षित म्हणजे किती सुरक्षित!

डेमोच्या दिवशी सकाळी बघते तर गाडी काळी ठिक्कर.

"चारला क्लायंट येतोय," आमचे लीड जाधव सर हळूच म्हणाले. "जमत नसेल तर सांग. आत्ताच रुजू झालीयेस, मी समजू शकतो. काम दुसऱ्याला देऊ."

ते 'समजू शकतो' असं झोंबलं मला!

"सर, लॉग बघा. एकही एरर नाही! ग्राफिक्स कार्ड गेलंय."

कार्ड बदललं. काळी. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बदलला. काळी. अहो, मॉनिटरसुद्धा बदलला!

"मग सगळा लॉटच खराब असणार," मी जाहीर केलं, आणि कार्ड पुरवणाऱ्याला कडक मेल ठोकली. असला माल पाठवता? सीसीमध्ये अख्खी टीम.

दुपारी राहवेना, म्हणून घरी फोन लावला. "मावशी, ओवी झोपली का हो?"

"झोपली व्हती! तुमचा फोन वाजला आन् उटली. अवो ताई, सकाळधरनं धा बारी इचारताय झोपली का, आन् तुमच्या इचारन्यानंच तिची झोप मोडतीया. मंग मी काय सांगू, कपाळ?"

मी फोन ठेवला. विचारण्यानंच?

लायब्ररीचं मॅन्युअल उघडलं. ढळढळीत लिहिलं होतं: एकदा विचारलं की लायब्ररी चूक सांगते, आणि लगेच पाटी पुसते. म्हणजे माझा पहिला प्रश्न उत्तर घेऊन हवेत सोडत होता, आणि दुसऱ्याला ती बिचारी अगदी खरं सांगत होती, "छे, काही नाही!"

पहिला प्रश्न उडवला. लॉगमध्ये एररची ही रांग! सगळ्यात वर: शेडरची फाइल सापडत नाही. सापडेल कशी? हरवू नये म्हणून मीच ती आदल्या दिवशी दुसऱ्या फोल्डरात जपून ठेवली होती.

चार वाजता गाडी लालबुंद होऊन गरगर फिरली. क्लायंट खूश, सर खूश. पुढचंही काम माझ्याकडेच! मी जरा तोऱ्यात खुर्चीत टेकते न टेकते, तोच दारात कार्डवाला उभा. घामाघूम, दोन नवी कार्डं छातीशी धरून. माझी मेल वाचून पुण्यातून धावत आला होता बिचारा.

"सॉरी हं मॅडम," त्याने वही उघडली. "रिपोर्टात लिहायचंय फक्त. नेमका एरर कोणता येत होता?"

सगळी टीम माझ्याकडे वळली.

"पुष्कळ येत होते हो," मी म्हटलं. "मीच गिळत होते."