मागचे मिस्त्री आणि बाजूची सीट

आमच्या भावोजींना सगळे 'मागचे मिस्त्री' म्हणतात. मोटारीच्या पुढच्या भागाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. इंजिन उघडायला आमच्या रस्त्यावर चार जण बसलेत. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारा जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरेन्शियल उघडायचा म्हटलं की लोक लांबलांबून गाड्या ओढत आमच्या दारात आणतात. त्यातही जास्त करून जुन्या स्पोर्ट्स गाड्या, बुटक्या, दोनच सीटच्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या.

गॅरेजच्या पुढच्या खोलीत ताई आणि मी शिवणकाम करतो. दोन मशीनं, एक कापायचं टेबल आणि एक मोठी खिडकी. त्या खिडकीतून गॅरेजमधलं सगळं दिसतं, आणि जे दिसायचं ते बघून मी सहा वर्षं जळत होते. कुठलीही गाडी तयार झाली की भावोजी हात पुसत दारात येणार आणि म्हणणार, "येतेस का जरा?" की ताई हातातलं काम टाकून, डोक्याला रुमाल बांधून निघालीच. ती नवऱ्याच्या बाजूला बसून वारा खात जाणार आणि मी तिच्या वाटणीच्या पँटी दुमडत बसणार. आमच्या ह्यांनी मला लग्नानंतर हौसेनं एकदाच बाहेर नेलं, तेही दाढ काढायला.

"जा बाई, रथ आला," मी म्हणायची. ताई नुसती हसायची. तिथेच मला शंका यायला हवी होती. माझी बहीण टोमणा फुकट जाऊ देणाऱ्यातली नाही.

खरी गोष्ट मला सगळ्यात शेवटी कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. भावोजींना वरच्या पट्टीतला बारीक आवाज ऐकू येत नाही. माणसाचं बोलणं येतं, इंजिनाची घरघर येते. चाळीस वर्षं कानाशी हातोडा आणि ग्राइंडर. आधी किटलीची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग पाखरं. कानाचं यंत्र आणून पाहिलं. ते गॅरेजमधला प्रत्येक आवाज एवढा मोठा करायचं की दुसऱ्याच दिवशी डबीत जाऊन बसलं.

आणि त्यांच्या कामात नेमका तोच बारीक आवाज लागतो. डिफरेन्शियलच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान. दोघांचे दाते एकमेकांत नेमके बसायला हवेत. केसाएवढं इकडेतिकडे झालं की धावताना बारीक सूर निघतो. आज सूर, उद्या झीज, आणि एखाद्या दिवशी भर वेगात दाते तुटून मागची चाकं जागच्या जागी अडकतात. दात्यांना रंग लावून ते कुठे टेकतात ते बघता येतं, आणि त्या बाबतीत भावोजींचा हात धरणारा कुणी नाही. पण शेवटचा निकाल रस्त्यावर लागतो, कानानं.

तो कान ताईचा होता. शिलाई मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झालीय की तेल संपलंय ते तिला लगेच कळतं. गाडीतलं तिला ओ की ठो माहीत नाही. ती फक्त सांगायची, "ओढताना कण्हतंय," नाहीतर "ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडल्यावर रडतंय, साठच्या आसपास." भावोजींना तेवढं पुरे. ते परत गोळा उघडायचे, लहान चक्रामागची पातळ चकती बदलायचे आणि पुन्हा दारात येऊन म्हणायचे, "येतेस का जरा?" दोघांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीच्या हाती कोण गाडी देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली माझ्यामुळे.

आमच्याकडे दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. तेच, माझी दाढ काढणारे. त्यांनी हौसेनं एक जुनी हिरवी स्पोर्ट्स गाडी घेतली होती. ती कुणीतरी पूर्वी घाटातल्या शर्यतींसाठी केलेली. चढावर बकरीसारखी पळायची, पण सरळ रस्त्यावर शंभरच्या वेगाला इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, "अहो, बायको बाजूला बसायला तयार नाही. म्हणते, दिवसभर तुमचं ड्रिल ऐकते तेवढं पुरे."

भावोजींनी एक मागचं चाक उचललं, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर खडूची खूण केली आणि मला दांड्याचे फेरे मोजायला बसवलं. मी चाक एकदा फिरल्याबरोबर ओरडले, "सव्वादोन!"

"एकच चाक उचललं की ते दोनदा फिरवायचं असतं, मेहुणीबाई," ते म्हणाले. "दुसरं जमिनीवर बसलंय ना, त्याचाही वाटा आपणच फिरायचा."

दोन फेऱ्यांना साडेचार भरले. आत एकेचाळीस दात्यांचं मोठं चक्र होतं आणि नऊचं लहान. भावोजींनी त्या जागी सदतीस आणि दहाची जोडी बसवली, म्हणजे दांड्याचे फेरे साडेचारावरून पावणेचारावर आले. आता त्याच शंभरच्या वेगाला इंजिनाला सव्वातीन हजार फेरेच पुरणार होते. चढावर थोडी ओढ कमी, पण कानांना सुख. वेग दाखवणाऱ्या काट्याचं छोटं चक्रही त्यांनी न विसरता बदललं, नाहीतर काटा ऐंशी दाखवतो आणि गाडी शंभरला पोचलेली असते. अशा बारीकसारीक गोष्टींत त्यांचं चुकत नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टर ठरल्यापेक्षा तासभर लवकर आले. ताई काजं करत होती. डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं, "झाली का ट्रायल?"

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "भावोजींची ट्रायल ताईशिवाय होत नाही, डॉक्टर! सहा वर्षांत एक गाडी एकट्यानं चालवून बघितली असेल तर शपथ. बायको बाजूला नसली तर त्यांना काही सुचत नाही."

डॉक्टर खळखळून हसले. "पण आज बाजूला मी बसणार. गाडी माझी, आवाजही मलाच ऐकायचाय."

गाडीला सीटा दोनच. भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताईच्या हातातली सुई थांबली. मला वाटलं, दोघांचा विरस झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं.

ते गेले. ताईनं त्या वेळात एकही काज केलं नाही. मी म्हटलं, "एवढं काय गं? पुढच्या गाडीत बस." तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं, हळू आवाजात, खिडकीकडे बघत. मग मी उलट तिच्यावरच चिडले. "सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर वेगळी पत्रकं छापावी लागली नसती," ताई म्हणाली.

गाडी परत आली. डॉक्टर उतरले ते नव्या नवरदेवासारखे. "मिस्त्री, काय गाडी झालीय हो! आवाज म्हणून नाही! घरी जाऊन हिला बसवतो आणि थेट लेकीकडे नेतो. दीडशे किलोमीटर, एका दमात." त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

चार हजारांची सवय झालेल्या माणसाला सव्वातीन हजार म्हणजे शांतताच वाटणार. त्याखाली एखादा बारीक सूर असलाच तर तो डॉक्टरांना ओळखू येणार नव्हता, आणि भावोजींना ऐकूच येणार नव्हता. गिऱ्हाईक खूश होतं. किल्ली दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं, मूठ झाकलेली राहिली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, द्या भावोजी, देऊन टाका.

भावोजींनी किल्ली मुठीत धरली. "डॉक्टर, गाडी आज देत नाही."

"का? काय झालं?"

"ते मला माहीत नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. माझ्या गाड्या ही ऐकते." त्यांनी ताईकडे हात केला. "तुम्ही बायकोला बसवून लांब जाणार. हिनं ऐकल्याशिवाय मी सोडणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. शेजारच्या इंजिनवाल्यांपैकी दोघं दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. डॉक्टर जरा कडक आवाजात म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं, मिस्त्री."

"हवं होतं," भावोजी म्हणाले. त्यांनी पुढे एकही सबब सांगितली नाही.

ताई रुमाल न बांधताच गाडीत बसली. दहा मिनिटांत दोघं परत आले. ती उतरली आणि सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सोडल्यावर रडतंय. ऐंशीपासून पासष्टपर्यंत."

डॉक्टरांनी एकदा गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. मग "बुधवारी येतो," एवढं म्हणून चालत गेले.

त्या चार दिवसांत भावोजींनी गोळा पुन्हा उघडून चकती बदलली, आणि दोन जण आपल्या गाड्या न उघडताच परत घेऊन गेले. एकानं जाताना कानावर हात ठेवून नक्कल केली. मी खिडकीतून त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. भावोजी मला एका शब्दानं बोलले नाहीत, ते मात्र मला फार लागलं. मी कानाला खडा लावला, पुन्हा कुणाची थट्टा करायची नाही. सोमवारी एक फोन आला. माणूस म्हणत होता, "गाडी आणतो, पण ऐकायला बाई असतील ना?" ताईनं तो फोन घेतला आणि "असते" एवढंच म्हणाली.

बुधवारी डॉक्टर आले. "आज मी चालवतो," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही बसा बाजूला. आणि मलाही शिकवा, रडतंय म्हणजे कसं ते."

भावोजी फाटकाशी उभे राहिले. स्वतः बसवलेली गाडी त्यांच्याशिवाय ट्रायलला जायची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलावं ते मलाही कळत नव्हतं, आणि तसं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

लांबच्या वळणावर हिरवा ठिपका दिसला.

"मेहुणीबाई," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कसं येतंय?"

ताईखेरीज दुसऱ्या कुणाला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं तसं कान देऊन ऐकलं.

"इंजिन बोलतंय," मी म्हटलं. "मागचं काही नाही. मागचं गप्प आहे."

"आता डॉक्टर पाय सोडतील. तेव्हा ऐक."

डॉक्टरांनी वळणासाठी पाय सोडला. इंजिनाचा आवाज खाली आला, टायर खडीवरून करकरले.

"काही नाही, भावोजी. वारा आहे. टायर आहेत. रडत नाहीये."

ते खाली फाटकाच्या दगडावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "बोलत राहा," ते म्हणाले. "जे ऐकू येतंय ते सगळं सांग."

गाडी अजून बरीच लांब होती. ती दारात येऊन थांबेपर्यंत मी बोलत राहिले.