भीमामावशीची पहिली पंगत

सुपा एमआयडीसीच्या वळणावर भीमाबाईची खानावळ आहे. कारखान्यातली पोरं तिला मावशी म्हणतात आणि तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीसाठी शिफ्टसुद्धा बदलून घेतात. मावशी मूळची जामखेडकडची. ऊसतोडीच्या टोळीत होती तेव्हा आधी सगळ्यांना वाढायचं आणि मग उरलंसुरलं आपण खायचं. सुप्यात स्वतःचं पत्र्याचं शेड उभं राहिलं, तरी नेम तोच राहिला. शेवटच्याचे हात धुऊन झाले की चुलीपाशी उकिडवं बसून गार भाकरी मोडायची. याचं कुणाला काही वाटलं नाही. तिला वाटायचं, पण सांगणार कुणाला?

पंकजा नावाची कारखान्याच्या क्वालिटी खात्यातली मुलगी तिथंच जेवायची. पुण्यात शिकताना तिनं एक खेळ उचलला होता: टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि जुन्या काळच्या विलायती राज्यातली माणसं व्हायचं. रविवारी दुपारी खानावळीतच हा दरबार भरू लागला. जेवायला येणाऱ्या पोरांतला वाल्मिक राजा झाला. लाइन सुपरवायझर सहादेव बिशप झाला. कारखान्यात हुकूम सोडायची सवय, ती सुट्टीच्या दिवशी तरी कशी सुटावी? बिशपच्या खाली पाद्री, पाद्र्याच्या खाली ब्रदर. ब्रदर म्हणजे अनवाणी बैरागीच. ना घोडा, ना तलवार. भिक्षा मागायची, लोकांची पापं ऐकायची आणि प्रायश्चित्त द्यायचं. ते सोंग घ्यायला कुणीच तयार होईना.

"मी व्हते ब्रदर," भांडी घासता घासता मावशी म्हणाली. "जल्मभर वाढलं, आता मागून बी बघू."

आणि मागितलं म्हणजे काय! "मठात लेकरं उपाशी हायेत रं राजा," असा गळा काढला की दोन रविवारांत राजाचं कोठार झाडून रिकामं झालं. पापं ऐकण्यात तर तिचा हातखंडाच. खेळातली पापं खेळापुरतीच असतात, हे पोरांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मावशीपुढे गुडघे टेकले की खरं तेच तोंडातून बाहेर पडायचं. मावशीची पाठ वळली की आपण शेजारच्याच्या ताटातलं अंडं पळवतो, असं खुद्द राजानं कबूल केलं. प्रायश्चित्त म्हणून महाराज मोरीवर बसून मोठं पातेलं घासत होते आणि प्रजा पोट धरून हसत होती.

एके दिवशी पंकजानं जाहीर केलं, "पुढच्या रविवारी राजाची मेजवानी. जेवण खरंखुरं. बसायचं मात्र हुद्द्याप्रमाणं. राजा, सरदार, बिशप, पाद्री पहिल्या पंगतीला. ब्रदर मागून, दाराशी."

मावशीचा हात थांबला. "म्हंजे हितं बी मी शेवटालाच?"

"पाद्री झालात तर पहिल्या पंगतीला, मावशी. पण बढती बिशपच्या हातात."

सहादेवनं मिशीवरून हात फिरवला. "पाद्री व्हायला वजन लागतं, मावशी. बघू. विचार करू."

मावशीला वाईट वाटलं. खेळ असला म्हणून काय झालं, अगदी आतून वाईट वाटलं. पण रडत बसणारी बाई ती नव्हे.

रविवारी तिनं पंकजाला गाठून विचारलं, "बिशपला बी माज्यापुढं येऊन पाप सांगावं लागतं का न्हाई?"

"लागतं की. त्याशिवाय मेजवानीला कुणालाच बसता येत नाही."

मग काय, बिशपची स्वारी सिलिंडरच्या आडोशाला गुडघ्यावर आली. तिथं बोललेलं बाहेर फोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून तुमच्या कानात सांगतो. एकादशीला उपास म्हणून सहादेवनं मावशीकडची साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली होती आणि संध्याकाळी हायवेच्या ढाब्यावर मटण हाणलं होतं.

"आन तुज्यासाठी म्या मुद्दाम दाणे भाजून कुटले हुते रं!"

"मावशी, कुणाला सांगू नका. पोरं जगू देणार न्हाईत."

"न्हाई सांगत, नेमच हाय तसा. पर प्रायश्चित्त चुकत न्हाई. आज चूल तुजी. रांधायचं तू आन वाढायचं बी तूच. बढतीचं तुज्या मनाला इचार."

बिशपनं मनाला विचारलं. मन फारच लवकर हो म्हणालं. बाहेर येऊन त्यानं ब्रदर भीमाबाईला पाद्री केल्याचं सांगितलं आणि बाह्या सरसावून पीठ मळायची काटवट पुढं ओढली.

मावशी राजाच्या शेजारी बसली खरी, पण बूड टेकेना. कुणाला पाणी हवं, कुणाचं ताट रिकामं, म्हणून सारखी अर्धी उठायची. "पाद्रीबाबा, बसा गप," म्हणत वाल्मिक तिला खांद्याला धरून खाली बसवायचा. अखेर सहादेवची भाकरी आली. एका बाजूनं करपलेली, कडेला फाटलेली, पण तव्यावरून थेट ताटात. वाफ तिच्या तोंडावर आली. आपल्यासाठी कुणी गरम भाकरी वाढलेली तिला आठवतच नव्हती. डोळे भरून आले.

मावशीनं पदरानं डोळे पुसले, घास चावून गिळला, आणि पंगतीत बसलेल्या माणसाच्या हक्कानं चुलीकडे बघून ओरडली,

"आरं बिशप, आमटीत मीठ कमी हाय! आन दुसरी भाकर कवा आणतूस?"