शेवग्यावरच्या माश्या

उचगावच्या झुंबरबाईला लवकर राग येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. नळाचं पाणी उशिरा आलं तरी ती बोलायची आणि डेअरीत दुधाला फॅट कमी लागली तरी बोलायची, आणि बोलायची ते चार घरांत ऐकू जाईल असं. तिचा नवरा केरबा अगदी उलटा. फौंड्रीतनं रिटायर झालेला, अंगानं थोराड, तोंडभर हसणारा. कुणी काही मागितलं की 'न्या की', कुणी काही विचारलं की 'करा की'. केरबादा म्हणजे देवमाणूस, बायको तेवढी तिखट, असं लोक म्हणायचे. झुंबरबाई लग्न होऊन आल्यापासून हे ऐकत आली होती.

देवमाणसाच्या घरात राहायचं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक होतं. कडबाकुट्टीचं मशीन न्या की म्हणून दिलं, ते पातं मोडून परत आलं. घरामागच्या परड्याच्या कडेला तिनं कलमी आंबा लावला होता, पाणी घालून वाढवला होता. शेजारच्या उदयसिंहला गाडी वळवायला अडचण होते म्हणाल्यावर केरबानं तोडा की म्हणून सांगितलं. ती बाजारातनं आली तेव्हा जागेवर बुंधा राहिला होता. आणि ह्याच केरबाला तिनं एकदा विचारलं होतं, की बचत गटाच्या बाया आठ दिवसांच्या ट्रेनिंगला चालल्यात, मी जाऊ का. तेव्हा तो पेपरातनं मान वर न काढता म्हणाला होता, "नको. म्हशी कोण बघणार?"

तिच्या एकटीचं म्हणावं असं घरात काही असेल, तर त्या माश्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी गोठ्याच्या भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात सातेरी माश्या येऊन बसल्या होत्या. सातेरी म्हणजे अंधाऱ्या पोकळीत घर करणारी लहान माशी. आग्यामाशीसारखी ती माणसाच्या मागं लागत नाही. सासू म्हणाली होती, धूर करून हाकल. झुंबरबाईनं हाकललं नाही. तिच्या बहिणीचं सासर गारगोटीच्या बाजूला. बहिणीचा दीर माश्या पाळायचा. त्यानं येऊन कोनाड्यातली पोळी अलगद कापून लाकडी पेटीतल्या चौकटींना बांधून दिली, आणि पेटी कशी उघडायची, काय बघायचं, ते तिला दाखवलं. पुढं एका पेटीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आता परड्याच्या कडेनं पाच पेट्या होत्या, पायाला मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्यांत उभ्या केलेल्या.

म्हशींचं आवरलं की ती तिथं जाऊन बसायची. तिथं तिचा आवाज चढायचा नाही. हात सावकाश चालायचे. मध कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ती ठरवायची. केरबानं एकदा फौंड्रीतल्या कुणाला तरी बाटली कबूल केली होती, ती तिनं दिलीच नाही. तेव्हापासून तो पेट्यांच्या वाटेला गेला नव्हता.

माघ सरत आला की आंब्याला मोहोर येतो, शेवगा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि पेटीत माश्या मावेनाशा होतात. मग त्या नवीन राण्यांसाठी घरं बांधतात आणि जुनी राणी अर्ध्या माश्या बरोबर घेऊन घर सोडते. असा थवा जवळच्याच एखाद्या फांदीला घोसासारखा लोंबकळतो. नवी जागा सापडेपर्यंत तिथंच राहतो, कधी तासभर, कधी दोन दिवस. पोटात मध भरलेला असतो आणि राखायला घर नसतं, म्हणून त्या वेळी माश्या सहसा चावत नाहीत. खाली रिकामी पेटी धरायची, फांदी हलवायची, राणी आत पडली की बाकीच्या आपोआप येतात. झुंबरबाई हे दरवर्षी करायची.

ह्या वर्षी सगळ्यात भरलेल्या पेटीत तिला राणीची घरं दिसली, शेंगदाण्याच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी. नेमकं तेव्हाच बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जाणं भाग होतं. निघताना तिनं केरबाला पेटीजवळ नेऊन उभं केलं.

"ह्या फुटणार हायत. फुटल्या की मला लगेच फोन करा. मिळंल त्या गाडीनं येते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

"व्हय की. जा तू बिनघोर," केरबा म्हणाला.

फोन आला नाही. ती तिसऱ्या दिवशी सकाळी परतली, तेव्हा उदयसिंहच्या दारात मांडव होता. त्याच्या मुलीचं, क्रांतीचं लग्न होतं. आदल्या दिवशी हळद झाली होती आणि आता पाहुणे चहा-पोहे घेऊन कार्यालयाकडं निघायच्या गडबडीत होते. झुंबरबाईनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी परड्यात गेली. भरलेली पेटी अर्धी रिकामी होती. म्हणजे थवा निघाला होता. तिनं मान वर करून आजूबाजूची झाडं बघितली आणि कुंपणाच्या पलीकडं उदयसिंहच्या शेवग्यावर नजर थांबली.

एक फांदी काळीठिक्कर पडली होती. फुलं होरपळली होती. बुडाशी अर्धवट जळालेल्या चिंध्या गुंडाळलेला बांबू टाकलेला होता आणि त्याच्या भोवती माश्या पडल्या होत्या, भाजलेल्या धान्यासारख्या. काही अजून सरपटत होत्या. त्यांना पंख नव्हते.

ती कुंपणातनं पलीकडं गेली आणि खाली बसली. हातानं माश्या बाजूला करत गेली. राणी सापडली. काळपट, लांब पोटाची. दोन वर्षं तिनं ही राणी पेटीत फिरताना बघितली होती.

घरातनं घमेलं आणलं, केरसुणीनं सगळ्या माश्या त्यात भरल्या आणि ती तशीच मांडवात शिरली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, अंगावर प्रवासातलं लुगडं. उदयसिंह फेटा बांधून घेत खुर्चीवर बसला होता. तिनं घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं.

"ह्या कुणी जाळल्या?"

फेटा बांधणाऱ्याचा हात थांबला. पाहुणे बशीतनं वर बघायला लागले.

"वैनी, आजच्या दिवशी नको," उदयसिंह हलक्या आवाजात म्हणाला. "पावणं बसल्यात."

"पावण्यांना मी काय म्हणत न्हाय. तुला इचारतीया. माझ्या माश्या तुझ्या झाडावर बसल्या म्हणून तुझ्या झाल्या व्हय? एक फोन करायला तुला काय झालतं? कुणाला चावल्या? एक माणूस दाखव चावल्यालं."

"चावल्या न्हाईत, पण चावतील म्हणून बायका हळदीला बाहेर येईनात. काय करायचं?"

"म्हणून जित्या जाळायच्या? पोरीची हळद आन् शेजारी आग लावून बसलास. लाज कशी वाटली न्हाय?"

आता उदयसिंहही तापला. पाहुण्यांसमोर बाईनं असं बोललेलं त्याला सहन होईना. तो उठून उभा राहिला. "मी काय चोरून केलंय का, वैनी? केरबादाला इचारून केलंय. ते म्हणले, जाळा की. आमच्याकडं डिझेल नव्हतं, तेबी त्यांनीच आणून दिलं. पंपाचं. जावा, त्यांनाच इचारा."

मांडवात कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. उदयसिंहची म्हातारी आई बायडाबाई पुढं येऊन तिचा दंड धरायला लागली. झुंबरबाईनं दंड सोडवून घेतला, घमेलं उचललं आणि ती माघारी फिरली. एवढ्या लोकांत आपण वेड्यासारखे उभे राहिलो, आणि ज्याच्यावर ओरडलो त्याचं खरं निघालं. तिचे कान तापले होते.

केरबा आरशासमोर नवा सदरा घालत होता. कार्यालयात त्याला मान होता.

"आलीस व्हय? बहिणीचा डोळा कसा हाय?"

"डिझेल कुणी दिलं?"

केरबाची बोटं गुंडीवर थांबली. "त्यांची अडचण झालती, झुंबर. लग्नघर. दारात येऊन उभा राहिला. न्हाय कसं म्हणायचं?"

"मला म्हणता तसं."

"काय?"

"मला न्हाय म्हणताना तुमची जीभ कधी अडली न्हाय. ट्रेनिंगला जाऊ का इचारलं, न्हाय. भावाच्या पोराच्या बारशाला जाऊ का, न्हाय. उंबऱ्याच्या आत सगळं न्हाय आन् उंबऱ्याच्या भायेर सगळं व्हय. देवमाणूस म्हणत्यात लोकं. माझ्या जिवावर झालासा देवमाणूस. माझी कडबाकुट्टी, माझा आंबा, माझ्या माश्या. तुमचं सोताचं काय दिलंसा आजवर कुणाला?"

"तुला फोन लावलता. लागंना."

तिनं पिशवीतनं फोन काढून त्याच्या हातात दिला. "दाखवा. कधी लावलता?"

केरबानं फोन घेतला, पण बघितला नाही. तो परत देत म्हणाला, "लावला न्हाय. तू नको म्हणली असतीस."

हे ऐकून तिला वाटलं, घमेलं ह्याच्या नव्या सदऱ्यावर पालथं करावं. केलं नाही. ती परड्यात गेली, आंब्याच्या बुंध्याजवळ खड्डा काढला आणि माश्या पुरल्या. लग्नाला गेली नाही. केरबा एकटाच गेला आणि लवकर परत आला.

पुढं होळी गेली, रंगपंचमी गेली. झुंबरबाई नवऱ्याशी कामापुरतंही बोलेना. ताट वाढून ठेवायची आणि गोठ्यात जायची. इतकी वर्षं ती ओरडत होती तेव्हा केरबाला त्याचं काही वाटत नव्हतं. पंख्याचा आवाज असावा तसा तो आवाज त्याच्या अंगवळणी पडला होता. आता घर गप्प झालं आणि त्याला जेवण जाईना. गल्लीत मात्र दोष तिलाच मिळाला. माश्यांसाठी कुणी नवऱ्याशी अबोला धरतं का, असं बायका नळावर म्हणायच्या. एक दिवस बायडाबाई लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन आली.

"पोरानं चुकी केली, बाई. म्हातारीकडं बघून सोडून दे."

"ठेवा तिथं," झुंबरबाई म्हणाली. म्हातारी गेल्यावर तिनं लाडू म्हशीच्या गव्हाणीत टाकले. म्हातारीवर तिचा राग नव्हता, पण लाडू घशाखाली उतरले नसते.

भरलेल्या पेटीत नवी राणी जन्मली होती आणि अंडी घालायला लागली होती. ते बघितलं तेव्हाही झुंबरबाईला बरं वाटलं नाही. पूर्वी वाटायचं.

पाडव्याच्या अलीकडं उदयसिंह दारात आला. केरबा ओट्यावर होता, झुंबरबाई गोठ्यात शेण भरत होती. उदयसिंहला ती दिसली नाही.

"केरबादा, सुट्टीला लेक-जावई येणार. त्या पेट्या कुंपणाकडनं जरा पलीकडं कुठंतर हलवा की. रानात ठेवा न्हायतर."

झुंबरबाई फावडं धरून थांबली. बाहेर जावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही. केरबा काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं. घसा साफ केल्याचा आवाज आला.

"पेट्या तिच्या हायत, उदयसिंह. तिलाच इचार."

"तुम्ही सांगा की."

"मी न्हाय सांगणार. माझं काय हाय त्यात?"

झुंबरबाई शेणाच्या हातानं बाहेर आली आणि उदयसिंहला म्हणाली, "पेट्या हलणार न्हाईत. पोरं आली की मला सांग, मी कुंपणाला हिरवं कापड लावते, माश्या वरनं जातील. आन् परत एक माशी जाळलीस तर पोलिसांत जाईन. जा आता." उदयसिंह गेला. केरबा तिच्याकडं बघत राहिला, काहीतरी शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं असावं. ती म्हणाली, "एवढं त्या दिवशी म्हणला असता तर जीव वाचलं असतं." अबोला सुटल्यावरचं पहिलं वाक्य ते.

चैत्रात चाँदबीचा फोन आला. तिचं बसस्टॉपजवळ शिवणकामाचं दुकान होतं. झुंबरबाईची झंपरं तीच शिवायची. फोन केरबाच्या मोबाइलवर आला, कारण गल्लीत सगळ्यांकडं त्याचाच नंबर असायचा. त्यानं हॅलो म्हणून ऐकलं आणि फोन तिच्याकडं दिला.

"झुंबरआक्का, शटरच्या वर माश्या बसल्यात. लोकं औषध मारा म्हणत्यात. मी कुणाला हात लावू दिला न्हाय. तुम्ही येताय का?"

"कुलूप लावून बस. आले."

ती पेटी घेऊन चालतच गेली. केरबा मागनं स्टूल घेऊन आला. तिनं या म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही. दुकानासमोर दहा-पंधरा माणसं मोबाइल काढून उभी होती. ती स्टुलावर चढली, पेटी थव्याच्या खाली धरली आणि कोंबडीच्या पिसानं माश्या हळूहळू आत सारायला लागली. केरबानं खालनं स्टूल घट्ट धरलं. एक माशी त्याला कानामागं चावली. तो हलला नाही.

"चावली व्हय?" तिनं वरनंच विचारलं.

"व्हय."

"चुना लावून टाका घरी गेल्यावर." राणी आत गेली तशा बाकीच्या माश्या ओळीनं पेटीत शिरायला लागल्या. झुंबरबाई खाली उतरली आणि दिवस मावळेपर्यंत चाँदबीच्या पायरीवर बसून राहिली, कारण शेवटची माशी आत आल्याशिवाय पेटी हलवायची नसते. चाँदबीनं दोघांना चहा दिला.

तो थवा आता त्यांच्या परड्यात आहे. झुंबरबाई नवऱ्याशी बोलते. शेवग्याचा विषय निघाला की मात्र तिचा आवाज अजून चढतो आणि केरबा खाली मान घालून ऐकतो. लोक अजूनही त्याला देवमाणूसच म्हणतात.